मालवण बंदरावर मुलांसाठी चित्रवाट करायची आहे. कुणी केलंय का असं काही?

माडाखालची:

नमस्कार मंडळी. मी मूळची पुण्याची, लग्न होऊन मालवणात आले त्याला अकरा वर्षं झाली. सासूबाई आणि मी मिळून चार खोल्यांचं न्याहारी-निवास चालवतो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच.

विषय असा, की सुट्टीत सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला जेटीवर ही रांग लागते. होडीची वाट बघत आईबाप उन्हात उभे आणि पोरं मोबाइलमध्ये. किल्ला बघून परतले की थाळी जेवायची आणि तारकर्ली गाठायची. मालवण गाव कुणी बघतच नाही. गेल्या मे महिन्यात आमच्याकडे उतरलेल्या एका सहा वर्षांच्या मुलाने मला विचारलं, "काकू, किल्ला सोडून इथे काय आहे बघायला?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला काही सुचेचना. मग त्याला घेऊन दांडीच्या किनाऱ्यावर गेले. एक आजोबा उलट्या पालथ्या घातलेल्या होडीच्या सावलीत जाळं शिवत बसले होते. पोरगं पाऊण तास जागचं हललं नाही. त्याच्या आईने दोनदा हाक मारली तरी नाही.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. जेटीपासून दांडेश्वराच्या देवळापर्यंत आणि तिथून मोरयाच्या धोंड्यापर्यंत एक वाट आखायची. वाटेत दहा-बारा थांबे, प्रत्येक थांब्यावर एक चित्र आणि एक छोटंसं कोडं. मुलांच्या हातात कागदी नकाशा. चित्रं आमच्या गावातल्याच शाळकरी मुलांनी काढायची. तिकीट वगैरे काही नाही.

आता प्रश्न. भिंतीवर कुठला रंग टिकतो? परवानगी कुणाची लागते? वाट किती लांब असावी? खर्च साधारण किती येईल? एका ओळखीच्या डिझायनरला विचारलं तर तो म्हणाला, मोठ्या भिंती घ्या, ड्रोनमधून झकास दिसतील. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही ते त्याला सांगताही आलं नाही.

दांडीचो झील:

ताई, विचार बरो आसा. पण एक ऐका. तुम्ही गेलात तेव्हा किनारा रिकामा होता कारण ती दुपार होती. सकाळी या. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तेव्हा दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस माणसं दोर धरून उलटी मागे मागे येत असतात. मागे कोण बघणार? तिथे तुमचं पर्यटकांचं पोर नकाशा हातात घेऊन उभं असलं तर दोराच्या विळख्यात पाय जायला वेळ लागत नाही. सुकत घातलेल्या म्हावऱ्यातून चालणारे तर रोजचेच. वर नाक धरून विचारतात, "इथे एवढा वास का येतो?"

तेव्हा नगरपालिकेत अर्ज नंतर, आधी रापणकरांकडे जा. आणि कुणाची होडी न विचारता रंगवू नका. होडी आम्ही दरवर्षी स्वतः रंगवतो, त्यात आमचं आमचं असतं काहीतरी. मोडीत काढलेली होडी हवी असेल तर मिळेल, दोन-तीन पडून आहेत.

आणि मुतारी. एवढी पोरं आणणार, ती जाणार कुठे?

निवृत्त खडू:

माडाखालची बाई, मी एकतीस वर्षं हायस्कूलात चित्रकला शिकवली. मालवणच्या दक्षिणेला आमचं लहानसं बंदर आहे, गावाचं नाव राहू दे. तिथे आम्ही हा उद्योग काही वर्षं केला. पहिली दोन वर्षं फसली, तिसऱ्या वर्षी जमलं. फसलं ते सविस्तर सांगतो, उपयोगी तेच आहे.

पहिल्या वर्षी आम्हीही भिंतच घेतली होती. बंदराच्या गोदामाची, चाळीस फूट लांब, चिऱ्याची, वरून सिमेंटचा गिलावा. ऑइलपेंट आणला. डॉल्फिन काढले, प्रवाळ काढलं, मधोमध मत्स्यकन्या. कोकणात मत्स्यकन्येचं काय काम, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. फीत कापली, फोटो झाले. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि गणपतीला गावी आलेले चाकरमानी बघतात तर मत्स्यकन्येच्या तोंडावर देवीचे व्रण.

कारण साधं आहे. चिरा पाणी पितो. किनाऱ्यावर त्या पाण्यात मीठ असतं. भिंत वाळताना ओल बाहेर यायला बघते, पण ऑइलपेंटचा पापुद्रा तिला वाट देत नाही. मग मीठ रंगाच्या मागेच साठतं, त्याचे खडे होतात आणि ते खडे रंगाला आतून ढकलतात. आपल्याकडे लोणा लागला म्हणतात तो हाच. त्यात आपल्या किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. दुकानदार दहा वर्षांची हमी देतो, तो कधी बंदरावर राहिलेला नसतो.

दुसऱ्या वर्षी शहाणे झालो असं वाटलं. मत्स्यकन्या नको, आपली माणसं काढू. बाजारात मासे विकणाऱ्या एका बाईंचं चित्र माझ्या दहावीच्या मुलांनी केलं, पुरुषभर उंच. कमरेवर हात, समोर टोपली, टोपलीत बांगडे. मला आजही वाटतं की ते चित्र चांगलं होतं. बाई आल्या, टोपली खाली ठेवली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "माजा नाक असा आसा काय? आनि तुमी माका इचारलात कधी?" मी गप्प. लोक त्यांच्या चित्रापुढे उभे राहून फोटो काढत होते आणि त्या पलीकडे दहा पावलांवर बसलेल्या असायच्या. त्यांच्याकडे कुणी वळून बघत नव्हतं. चार दिवसांनी मी स्वतः चुना घेऊन भिंत पांढरी केली.

तिसऱ्या वर्षी भिंतीला हातच लावला नाही. सुताराकडून प्लायवूडचे मासे कापून घेतले. बांगडा, पेडवा, मोरी, इसवण. मुंबईहून येणारी मंडळी सुरमई म्हणतात ती आमची इसवण, हे त्यांच्या पोरांना तिथे पहिल्यांदा कळायचं. मासे शाळेतल्या मुलांनी रंगवले आणि ते सुंभाने बांधून टांगले, कुठे माडाला, कुठे चहाच्या टपरीच्या खांबाला, कुठे गडग्यावर. उंची जमिनीपासून अडीच फूट. मोठ्या माणसाला दिसायलाच नको इतकं खाली. आईबापांना मग पोरांना विचारावं लागायचं, "कुठेय रे?" यातली गंमत मला आधी ठाऊक नव्हती, ती आपोआप झाली.

तुमच्या त्या ड्रोनवाल्याला हेच सांगा. साडेतीन फुटांच्या पोराला वीस फुटी चित्र दिसत नाही. त्याला फक्त निळा रंग दिसतो.

प्रत्येक माशाखाली एक फळी होती आणि तीवर काहीतरी उठावाचं ठोकलेलं. एकीवर जाळ्याचा तुकडा, एकीवर दोराची गाठ, एकीवर माडाच्या पोयीचं साल, एकीवर लाकडात कोरलेला खेकडा. पोराने नकाशाचा कागद त्यावर धरायचा आणि मेणखडू आडवा घासायचा. ठसा उमटतो. शाईचा शिक्का ठेवला असता तर शाई पहिल्या दिवशी सुकली असती आणि शिक्का दुसऱ्या दिवशी चोरीला गेला असता. सगळ्यांत भारी ठसा कशाचा आला सांगू? नुसत्या चिऱ्याचा. भाकरीला पडतात तशी भोकं, कडेला तुटक रेघा. एक मुलगी तो कागद माझ्याकडे घेऊन आली आणि म्हणाली, "हा चंद्र आहे."

मेणखडू सावलीत ठेवा. आम्ही एप्रिलमध्ये पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. बारा वाजता डबा उघडला तर सगळ्या रंगांची मिळून एक वडी.

लांबी मोजायची माझी पद्धत अशी. नात तेव्हा चार वर्षांची होती. तिचं बोट धरून निघालो आणि "आजोबा, कडेवर" म्हणेपर्यंत पावलं मोजली. माझी सातशे भरली. तेवढीच वाट केली. तुमची जेटी ते मोरयाचा धोंडा ही वाट वाळूतून पाच वर्षांच्या पोराला जड जाईल, तेव्हा दांडेश्वरापाशी बसायची सोय करा. सावली, पाण्याचा माठ, आणि शक्य झालं तर खाजंवाल्याला तिथे बसायला सांगा. पुढचा टप्पा गूळ-आल्याच्या वासावर पार पडतो.

वेळ मात्र घड्याळावर ठरवू नका, पंचांग बघा. आपल्याकडचा जुना हिशोब तुमच्या सासूबाईंना माहीत असेल. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. भर दुपार आणि त्यात भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी, ओसरून ओसरून कितीसं ओसरणार? पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, आणि पाणी लांबवर मागे जातं. ऊन उतरलेलं, वाळू घट्ट, रापणी आटोपलेल्या. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा शनिवार धरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, त्यामुळे आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा.

परवानगीचं थोडक्यात. किल्ला केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे, शिवाय २०२५ पासून युनेस्कोच्या यादीत. त्याच्या तटाला खडूचाही स्पर्श नको. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. जेटी मेरिटाइम बोर्डाकडे. किनाऱ्यावर खांब रोवायचा म्हटलं की सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचा, प्रश्न येतो. म्हणून टांगायचं आणि उतरवायचं हे सगळ्यांत सोपं. तरी एकदा लेखी पत्र देऊन पोच घ्या. आम्ही मेअखेरीस, किल्ल्याच्या होड्या बंद व्हायच्या आत, सगळे मासे उतरवून शाळेच्या माळ्यावर ठेवायचो. पुढच्या वर्षी नवी मुलं नवे रंगवायची, जुने ज्याचे त्याला घरी.

काहीतरी कायमचं हवंच असेल तर ऑइलपेंट नको, कावी करा. गोव्यात आणि कोकणात जुन्या देवळांच्या भिंतींवर लाल-पांढरी नक्षी असते ती. चुन्याचा ओला गिलावा, त्यावर लाल मातीचा थर, आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडायचा. खालचा पांढरा चुना दिसायला लागतो. रंग चुन्यातच मुरतो, सोलून निघायला पापुद्राच नसतो. पण करणारा माहीतगार हवा आणि भिंतीचा मालक तयार हवा. एखाद्याच्या अंगणातली लहानशी भिंत पुरे.

मोरयाच्या धोंड्यावर फळी-खडू काही नको. तिथले गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत आणि लोक पुजतात. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा २५ नोव्हेंबर १६६४ ला तिथे झाली असं मानतात. शेवटचा थांबा तोच ठेवा, पण मुलांना फक्त बसवा आणि समोर पाण्यात दिसणारा किल्ला कागदाच्या मागे काढायला सांगा. आणि "शिंपले गोळा करा" असं कोडं कधीही देऊ नका. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि पोरं रिकामा शिंपला आणि जिवंत यात फरक करत नाहीत.

खर्च आमचा तिसऱ्या वर्षी अकरा हजार चारशे झाला. त्यातले निम्म्याहून जास्त सुताराचे.

बाँडायची वहिनी:

मी सिडनीत राहते. माहेर देवगड, म्हणून हा धागा उघडला. इथे बाँडाय ते टामारामा या किनाऱ्याच्या वाटेवर शिल्पांचं प्रदर्शन भरतं, साधारण दोन किलोमीटर, फुकट. १९९७ साली सुरू झालं तेव्हा ते फक्त एका दिवसाचं होतं. नंतर वाढत वाढत तीन आठवड्यांवर गेलं. तुम्हीही पहिल्या वर्षी एकच शनिवार करा ना. चुकलं तरी एका दिवसाचंच चुकेल.

माझ्या लेकाला तिथली शंभर शिल्पं काही आठवत नाहीत. एक आठवतं, ज्याच्या आत शिरून वाऱ्याचा आवाज ऐकता आला ते. तुमच्याकडे मोडीत काढलेली होडी मिळतेय, तिच्या आत बसायला मिळू दे पोरांना. खिळे तेवढे तपासून घ्या.

कुडाळवाला:

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी कलाकार आहेत, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीत एकेक पान पुढे धरून गोष्ट गात सांगतात. तुमची वाट तशीच आहे की! प्रत्येक थांबा म्हणजे एक पान. बारा वेगवेगळी चित्रं ठेवण्यापेक्षा एकच गोष्ट बारा थांब्यांत तोडा. म्हणजे पाचव्या थांब्यावर कंटाळलेलं पोर सहाव्यासाठी तरी चालेल. तिथल्या कुणाला तरी एक दिवस शाळेत बोलवा, मुलांना शिकवतील. मानधन मात्र द्या, "तुमच्या कलेचा प्रचार होईल" म्हणून फुकट बोलावू नका. ते वाक्य ऐकून ऐकून त्यांचे कान किटले असतील.

माडाखालची:

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण आधी सांगितलेलं करून बघितलं.

@दांडीचो झील, सकाळी साडेसहाला गेले. तुमचं खरं आहे. मी ज्या ठिकाणी चौथा थांबा धरला होता तिथूनच रापणीचा दोर जात होता. रापणकरांशी बोलले. आधी कुणी फारसं बोलेना. मग त्यांच्यातले एक म्हणाले, संध्याकाळी काय करायचं ते करा, पण पोरांना जाळ्यावरून चालू देऊ नका आणि मासळीचा वास येतो म्हणून आमच्या नावाने तक्रार करू नका. दोन्ही गोष्टी नकाशावर लिहायचं कबूल केलंय, मासळीबद्दलची जरा ठळक. मोडीतली होडी बघितली, चालेल. मुतारीसाठी किनाऱ्यालगतच्या दोन घरांनी हो म्हटलंय. त्या दिवसाचं पाणी आणि साफसफाई आमच्याकडे.

@निवृत्त खडू, सर, भिंत रद्द. डिझायनर नाराज आहे. तिथीचा हिशोब सासूबाईंना तोंडपाठ निघाला. मी अकरा वर्षं मोबाइलवर भरती बघतेय आणि त्यांनी एकदाही सांगितलं नाही, का तर "तू इचारलंस खय?" पौष पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार धरलाय, एकच दिवस. लेकाचं बोट धरून पावलं मोजली, माझी आठशे चाळीस झाली. पण त्यात तो एका उलट्या होडीखाली कुत्रीची पिल्लं बघत वीस मिनिटं बसला होता, त्यामुळे हिशोब कितपत खरा ते माहीत नाही. थांबे आता सात केलेत. गोष्ट एकच, वाट चुकलेल्या पेडव्याची. ती माझ्या मुलीने रचलीय आणि शेवट अजून ठरत नाहीये.

आणि ते जाळं शिवणारे आजोबा. त्यांना विचारलं, तुमचं चित्र काढलं तर चालेल का? म्हणाले, माझं नको, जाळ्याचं काढ. आणि जुन्या जाळ्याचा एक तुकडा कापून दिला. काल रात्री तो फळीवर ठोकायच्या आधी लेकाने जेवणाच्या टेबलावर पसरला, वर कागद धरला आणि मेणखडू घासला. कागद फाटला. आता सासूबाईंच्या सागवानी टेबलावर वीतभर निळं जाळं उमटलंय. ते कशाने जातं, हे कुणाला माहीत असेल तर जरा लवकर सांगा, त्या उद्या सकाळी आचऱ्याहून परत येतायत.